‘भर समुद्रात कर लागत नाही’ म्हणणाऱ्या मिस्टरांचा हिशेब

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा यंत्रमागाचा छोटा धंदा आहे. वर्षभरापासून महिन्यातल्या एखाद्या शनिवारी ते मित्रांबरोबर पणजीला जातात आणि तिथल्या बोटीवरच्या कॅसिनोत खेळतात. एकदा १ लाख ८० हजार जिंकून आले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पण मी पासबुकं समोर घेऊन बसले तर चारेक लाख गेलेले दिसतात. आता कळलं की एका ओळखीच्या माणसाकडून महिना ५ टक्क्यांनी दीड लाख उचललेत आणि त्याच्याकडे सही केलेले तीन कोरे चेक आहेत. पुढच्या महिन्यात मुंबईहून क्रूझला जायचं, मुलांनाही न्यायचं असं चाललंय. त्यांचं म्हणणं, भर समुद्रात सरकारचा कर लागत नाही, आणि हरलं की दुप्पट लावत गेलं की पैसे परत येतातच. हे खरं का? जिंकलेल्या पैशांवर कर भरायला हवा होता का? आणि कर्जाचं काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

ताई,

आधी चेकचं बघा, बाकीचं त्यानंतर.

सही करून राजीखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्याने वाटेल ती रक्कम लिहून तो बँकेत टाकला, तरी कोर्ट सुरुवातीला तो चेक देण्यापोटीच दिलाय असं धरून चालतं. एवढं देणं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. चेक वटला नाही तर नोटीस येते, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर फौजदारी केस उभी राहू शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आजच चेकबुकाची अर्धकं (चेक फाडल्यावर पुस्तकात उरतो तो भाग) काढून त्या तीन चेकचे नंबर लिहून ठेवा. ‘बँकेत सांगून पेमेंट थांबवू’ असं कुणी सुचवेल. वकिलाला विचारल्याशिवाय ते करू नका, कारण थांबवलेला चेकसुद्धा न वटलेलाच धरला जातो.

महिना ५ टक्के म्हणजे दीड लाखावर दरमहा ७,५०० रुपये, वर्षाला ९० हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. आता त्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का, ते विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार पोलीस चौकीपेक्षा तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा कोल्हापूरला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी द्यावी. सावकारीचं काम तेच खातं बघतं. तक्रारीला व्याज दिल्याचा पुरावा लागतो. आतापर्यंतचं व्याज रोख गेलं असेल, तर यापुढचा प्रत्येक रुपया बँकेतून जाऊ द्या आणि ट्रान्सफर करताना ‘व्याज’ की ‘मुद्दल’ ते लिहा.

जुगारातलं देणं कोर्टातून वसूल करता येत नाही, हे मिस्टरांनी कुठेतरी ऐकलं असेल. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमात तसं आहेही. पण ते पैज हरणारा आणि जिंकणारा यांच्यातल्या पैशाबद्दल आहे. ओळखीच्या माणसाकडून व्याजाने घेतलेले पैसे हा वेगळा व्यवहार. त्या कलमाच्या भरवशावर निवांत राहू नका.

हे कर्ज पतसंस्थेतून किंवा सोन्यावर कमी व्याजाचं कर्ज काढून फेडणं हिशेबाने बरोबर आहे. फक्त ती रक्कम थेट सावकाराच्या खात्यात जायला हवी, मिस्टरांच्या हातात नको. आणि चेक परत मिळतील त्याच बैठकीत पैसे द्या, त्याआधी नाही. ‘हिशेब पूर्ण, काही येणं नाही’ एवढ्या दोन ओळी त्याच्या सहीने घ्या.

आता कॅसिनो. मांडवीतल्या बोटी आणि मुंबईहून निघणारी क्रूझ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि मिस्टर दोन्हींची सरमिसळ करतायत.

पणजीच्या बोटी नदीत नांगर टाकून उभ्या असतात. धक्क्यावरून छोट्या फेरीबोटीने तिकडे नेतात. गोव्यात १९७६ चा जुगारबंदी कायदा आहे. त्यात १९९२ मध्ये सुधारणा करून पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांना परवानगी दिली गेली, आणि १९९६ च्या सुधारणेने जहाजांवर टेबलाचे खेळ आले. पत्ते आणि रुलेचं (आकड्यांचं फिरतं) चाक बोटीवर का, जमिनीवर का नाही, याचं उत्तर एवढंच. वयाची अट २१ वर्षं. गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखपत्रावर प्रवेश मिळतो. म्हणजे मिस्टर तिथे खेळले त्यात बेकायदेशीर काही नाही. महाराष्ट्रात मात्र १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा एक कायदा आपल्याकडेही झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं.

क्रूझचं गणित समुद्राच्या अंतरावर आहे. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटरच्या आसपास, भारताचा प्रादेशिक समुद्र असतो. जगभरातल्या क्रूझवर कॅसिनो बंदरात आणि प्रादेशिक समुद्रात बंद ठेवतात, जहाज बाहेर पडलं की उघडतात. पुढे जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. एवढ्यावरून ‘कर नाही’ हा निष्कर्ष मिस्टरांनी काढलाय, आणि तो दोन ठिकाणी फसतो.

पहिलं म्हणजे, जीएसटी कायद्यातली भारताची व्याख्या १२ मैलांवर थांबत नाही. ती अनन्य आर्थिक क्षेत्रापर्यंत, म्हणजे २०० सागरी मैलांपर्यंत जाते. मुंबई-गोव्याच्या वाटेवर जाणारं जहाज त्याच्या बाहेर जातच नाही. तेव्हा चिप्सवर (पैशांऐवजी खेळायला मिळणाऱ्या नाण्यांवर) काय आणि किती लावता, हे कंपनीला ई-मेलवर विचारा आणि लेखी उत्तर घ्या. दुसरं, आयकर. भारतात राहणाऱ्या माणसाचं जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथे करपात्र असतं. जहाज कुठेही असो, जिंकणारा इचलकरंजीत राहतो.

क्रूझवरच्या कॅसिनोत आणखी एक गोष्ट खटकते. गोव्यात निदान राज्याने नेमलेला गेमिंग कमिशनर आहे. भर समुद्रात एखाद्या डावावरून वाद झाला तर कॅसिनो मॅनेजर आणि जहाजाचं व्यवस्थापन सांगेल तेच खरं. खेळाचे नियमही बऱ्याचदा किनाऱ्यापेक्षा वाईट असतात. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पानांतच २१ झाले, तर २ रुपयांना ३ ऐवजी ५ रुपयांना ६ या दराने पैसे देतात, आणि तेवढ्या एका बदलाने कॅसिनोचा वाटा, म्हणजे पैजेतून सरासरी त्याच्याकडे राहणारा भाग, जवळपास १.४ टक्क्यांनी वाढते. रुलेच्या चाकावर एक शून्य आहे की दोन, ते लांबूनही दिसतं. एक शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा २.७० टक्के, दोन असतील तर ५.२६. दोन शून्यांच्या चाकाजवळ बसूच नये.

आता पैसा नेमका कुठे गळतो ते बघू. लोकांना वाटतं टेबलावर. हल्ली बराचसा कॅशियरच्या खिडकीतच जातो.

ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. तेव्हा तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. दिलेल्या पैशांतच कर धरला, तर ५० हजार दिल्यावर ३५,७१४ रुपयांच्या चिप्स हातात येतात आणि १४,२८६ रुपये पहिली पैज लावण्याआधीच गेलेले असतात. काही ठिकाणी कॅसिनो कराचा काही भाग स्वतः सोसतो किंवा त्याबदल्यात प्रमोशनल चिप्स देतो. म्हणून खिडकीशी एकच प्रश्न विचारायचा: ‘मी १० हजार दिले, तर परत करून रोख मिळेल अशा किती रुपयांच्या चिप्स देणार?’ उत्तर १० हजार असेल तर कर कॅसिनो भरतोय. ७,१४३ असेल तर तुम्ही.

या कराचे दोन बारकावे मिस्टरांना बहुधा माहीत नसावेत. जिंकलेल्या चिप्स रोख न करता पुन्हा लावल्या तर त्यावर नव्याने कर नाही. पण न खेळता परत केलेल्या चिप्सवरचा कर परत मिळत नाही. समजा कर वेगळा घेणाऱ्या कॅसिनोत कुणी ‘असू दे जवळ’ म्हणून ४० हजारांच्या चिप्स घेतल्या. ५६ हजार मोजले. मग मन बदललं आणि सगळ्या तशाच परत दिल्या. हातात ४० हजार येतात. सोळा हजार गेले, आणि माणूस टेबलाला शिवलाही नाही. पासबुकातल्या त्या चार लाखांत हा भाग किती आहे, ते बघण्यासारखं आहे. एकाच रात्री दोन-तीनदा कार्ड घासलेलं दिसलं तर समजा, प्रत्येक वेळी नवा कर भरलाय.

प्रवेशाच्या तिकिटाबरोबर जेवण, दारू, गाणंबजावणं आणि काही चिप्स ‘फुकट’ मिळतात. त्या चिप्स हातात घेऊन नीट बघायला हव्यात: रंग वेगळा असतो आणि त्या रोख होत नाहीत. त्या एकदाच खेळायच्या असतात. तशी १,००० ची चिप लाल रंगावर लावून जिंकलात, तर डीलर तुमच्यासमोर १,००० ची खरी चिप ठेवतो आणि फुकटची चिप उचलून घेतो. खरी चिप असती तर दोन्ही तुमच्याकडे राहिल्या असत्या. म्हणजे हजाराच्या फुकट चिपची खरी किंमत पाचशेच्या आतच भरते. ‘तिकीट वसूल झालं’ हे वाक्य त्या चिप्सवरूनच येतं.

दुप्पट लावत जाण्याच्या युक्तीकडे वळू, कारण ती ऐकायला बिनतोड वाटते. रुलेला ३७ खाने असतात: १८ लाल, १८ काळे आणि एक हिरवं शून्य. लालवर ५०० लावले, हरले. मग १,०००, मग २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००. कधीतरी लाल येणारच, आणि आलं की मागचं सगळं वसूल होऊन वर ५०० सुटतात. इथवर बरोबर आहे.

पण प्रत्येक टेबलावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पैज लिहिलेली छोटी पाटी असते. समजा तिच्यावर ५०० ते २५,००० आहे. लागोपाठ सहा वेळा हरल्यावर ३१,५०० गेलेले असतात आणि सातवी पैज ३२,००० ची हवी. डीलर ती घेणार नाही. सहा वेळा सलग हरण्याची शक्यता १.८ टक्के, म्हणजे साधारण ५४ डावांत एकदा (५०० पासून सुरू करून जिंकेपर्यंत किंवा सहाही पैजा हरेपर्यंत एक डाव). ‘चोपन्नात एकदाच ना?’ असं मिस्टर म्हणतील. चाक तासाला ३५ वेळा फिरतं असं धरा. चार तासांत १४० फेऱ्या होतात, आणि त्यात असे ७० च्या आसपास डाव बसतात. त्या एका संध्याकाळी निदान एकदा तरी ३१,५०० चा फटका बसण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. बाकीच्या प्रत्येक डावात पाचशे-पाचशे मिळतात, म्हणून मित्रांना सांगायला दहा वेळा जिंकल्याची गोष्ट असते. सगळं एकत्र मोजलं तर प्रत्येक डावामागे सरासरी ८७ रुपयांचा तोटा आहे, आणि यात चिप्सवरचा कर धरलेलाच नाही. टेबलावरची मर्यादा या युक्तीमुळेच ठेवतात असं नाही, पण ती आहे म्हणून कॅसिनोला अशा खेळाडूची भीती वाटत नाही.

अंदर-बाहरचंही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडची माणसं त्या टेबलावर जास्त रमतात. मधल्या पानाशी जुळणारं पान ‘अंदर’ पडेल की ‘बाहर’, यावर पैज असते. ज्या बाजूला पहिलं पान पडतं, ती बाजू ५१.५ टक्के वेळा जिंकते. म्हणूनच बहुतेक कॅसिनो त्या बाजूला रुपयाला ९० पैसेच देतात आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण रुपया. हिशेब केला तर पहिल्या बाजूवर कॅसिनोचा वाटा सव्वादोन टक्क्यांच्या जरा आत, दुसरीवर ३ टक्के. आकडे वाईट नाहीत, पण डाव झटपट आटोपतो; तासाभरात कितीतरी जास्त पैजा लागतात, आणि तो वाटा प्रत्येक पैजेवर कापला जातो. किती पानांत जुळेल यावरच्या जादा पैजा सोडून द्याव्यात. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ अशा दोन बाजू असतात. कॅसिनोचा वाटा बँकरवर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४ आणि ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, १४ टक्क्यांहून जास्त. टायची पैज लावणारा माणूस कॅसिनोच्या आवडत्या गिऱ्हाइकांत मोडतो. आणि स्क्रीनवर मागच्या निकालांचे लाल-निळे गोळे दाखवतात, त्यावरून पुढचं काही कळत नाही. कळत असतं तर ती स्क्रीन तिथे लावलीच नसती.

तिथे ‘फुकट खोली’, ‘फुकट क्रूझ’ मिळते, तीही याच हिशेबातून. सरासरी पैज, तासाला किती डाव, किती तास बसला आणि त्या खेळातला कॅसिनोचा वाटा, या चौघांचा गुणाकार करून माणूस किती हरणार याचा अंदाज काढतात आणि त्यातला काही भाग भेट म्हणून परत देतात. मिस्टरांना फोनवर ऑफर येत असतील, तर ते किती हरतात याचा कॅसिनोचा अंदाज तुमच्या पासबुकापेक्षा व्यवस्थित आहे. त्यांना कॅसिनोला लेखी कळवून सदस्यत्व बंद करायला सांगा आणि १९०९ वर जाहिरातींचे फोन-मेसेज थांबवण्याची नोंद करा.

जिंकलेल्या १ लाख ८० हजारांवर कर होता. जुगारातल्या उत्पन्नावर सरळ ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के. ती सगळी रक्कम निव्वळ जिंकलेली असेल तर ५६,१६० रुपये. नेहमीच्या उत्पन्नासारखी सूट इथे लागत नाही, प्रवासखर्च वजा होत नाही आणि बाकीच्या अकरा महिन्यांत हरलेले पैसेही त्यातून वळते करता येत नाहीत. हे अन्यायकारक वाटतं. कायदा तसाच आहे. कॅसिनोने कर कापला नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. मिस्टर धंद्याचं रिटर्न ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ मध्ये भरत असतील, तर हे उत्पन्न त्या फॉर्ममध्ये दाखवता येत नाही; आयटीआर-३ लागतो. मुदत असेल तर रिव्हाइज्ड रिटर्न भरा. ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्नचा रस्ता आहे, पण त्यात जादा कर २५ टक्क्यांपासून सुरू होऊन उशिराप्रमाणे ७० टक्क्यांपर्यंत चढतो. सीएला पेढ्यांसकट सगळं सांगा. आणखी एक: दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका दिवशी एकाच माणसाकडून रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. पुढे कधी मोठी रक्कम आलीच, तर ती बँकेतूनच घ्यावी.

मिस्टरांना व्यसन लागलंय का, हे तुम्ही विचारलेलं नाही. पत्र वाचून आम्हाला विचारावंसं वाटलं. हरलेले पैसे भरून काढायला पुन्हा जाणं, घरी न सांगता उसने घेणं आणि रक्कम लपवणं, ही जुगाराच्या व्यसनाची लक्षणं आहेत, आणि डॉक्टर त्याला आजार मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. पहिली दोन तुमच्या पत्रातच आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि सुरुवातीला तुम्ही एकट्यांनी केला तरी चालतं. वर दिलेली आकडेमोड भांडणात वापरू नका. भांडणात आकडे हरतात. एखाद्या सोमवारी, मित्र नसताना, पासबुकं समोर ठेवून त्यांनाच बेरीज करायला लावा.

दरम्यान घरातला पैसा सुरक्षित करा. जोडखातं ‘दोघांपैकी कोणीही’ असेल तर ‘दोघांच्या सहीने’ करून घ्या. त्यासाठी बँकेत दोघांची सही लागते. यूपीआयची रोजची मर्यादा ॲपमध्ये कमी करता येते. वर्षाला एक पूर्ण क्रेडिट रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून) फुकट मिळतो. तो त्यांच्याकडून काढून घ्या, म्हणजे ॲपवरून घेतलेलं एखादं कर्ज असेल तर दिसेल. सावकाराचं कर्ज त्यात दिसणार नाही.

क्रूझ यावेळी रद्द करा, असं आमचं मत. तिकिटं काढली असतील तर किती दिवस आधी रद्द केल्यास किती कापतात, ते आजच बघा. तारीख जवळ येईल तशी कपात वाढते. मुलांसाठी जायचंच ठरलं, तर जहाजावर खर्च रोख होत नाही, खोलीच्या कार्डावर चढत जातो आणि शेवटच्या दिवशी एकदम बिल येतं, हे लक्षात ठेवा. कॅसिनोच्या चिप्सही त्याच कार्डावर मिळतात, आणि अनेक कंपन्या त्यावर ३ ते ५ टक्के जादा आकारतात. बोर्डिंग झाल्या झाल्या, कॅसिनो उघडण्याआधी, गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन त्या कार्डावरची कॅसिनोची उधारी बंद करायला सांगा. खातं मिस्टरांच्या नावावर असेल तर ही विनंती त्यांनीच करावी लागते, म्हणून हे घरातून निघण्याआधीच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. शक्य असेल तर तिकिटं काढतानाच खर्चाचं खातं तुमच्या नावावर आणि तुमच्या बँक कार्डाला जोडलेलं ठेवा.